एकोणिसावं होल

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



गोल्फवर बोलणार आहे असं घरी सांगितलं, तेव्हा बायकोनं विचारलं, "तुम्ही ती काठी कधी हातात तरी धरली आहे का?" नाही धरली. मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडा पानावर तीस वर्षं उपसंपादक होतो आणि या तीस वर्षांत गोल्फशी माझा संबंध आला तो पानाच्या तळाशी. क्रिकेट लागलं, टेनिस लागलं, जिल्हा कबड्डी स्पर्धेचे निकाल लागले आणि तरीही सात-आठ ओळींची जागा उरली, की वृत्तसंस्थेची एखादी गोल्फची बातमी उचलायची, अर्धी करायची आणि तिथं बसवायची. अशा बातम्यांना आम्ही आपसात 'भरताड' म्हणत असू.

एका दिवशी मात्र गोल्फला चक्क दोन कॉलम मिळाले. ११ ऑक्टोबर २०१५, रविवार. दक्षिण कोरियात इंचॉन इथं प्रेसिडेंट्स कपचा शेवटचा दिवस होता. एका बाजूला अमेरिका आणि दुसऱ्या बाजूला युरोप वगळून उरलेलं जग, अशी ही सांघिक लढत असते. त्या उरलेल्या जगाच्या संघात पहिल्यांदाच एक भारतीय होता, अनिर्बान लाहिरी. जन्म पुण्याचा, म्हणजे आमच्या दृष्टीनं स्थानिक बातमी! लाहिरीचा सामना शेवटच्या, अठराव्या होलपर्यंत बरोबरीत आला. तिथं लाहिरीचा चेंडू होलपासून चारेक फुटांवर होता, प्रतिस्पर्ध्याचा पंधरा फुटांवर. प्रतिस्पर्ध्यानं तो पंधरा फुटांचा फटका घातला. मग लाहिरी आला आणि त्याचा चार फुटांचा फटका हुकला. अमेरिकेनं तो कप साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा अशा गुणांनी, म्हणजे फक्त एका गुणानं जिंकला. आम्ही लाहिरीवर हळहळलो. हातातोंडाशी आलेला घास गेला, अशा अर्थाचं शीर्षक मी दिलं. ज्यानं पंधरा फुटांवरून चेंडू घातला, त्याच्या वाट्याला एक ओळ आली. अमेरिकेचा ख्रिस कर्क. आपल्या राशीसारखंच नाव म्हणून लक्षात राहिलं, इतकंच.

त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, की या दोघांत सुखी कोण, तर मी बेलाशक कर्ककडे बोट दाखवलं असतं. तीस वर्षांचा तरुण, जॉर्जियात वाढलेला, तिथल्याच विद्यापीठाच्या संघातून पुढं आलेला. अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक मालिकेत, म्हणजे पीजीए टूरवर, चार विजेतेपदं नावावर. त्यातलं चौथं त्याच वर्षी मे महिन्यात टेक्ससमधल्या कलोनियलच्या मैदानावर मिळवलेलं. आदल्या वर्षी, २०१४ मध्ये, मोसमभराच्या गुणतक्त्यात तो दुसरा आला होता. घरी बायको, मुलं. आणखी काय हवं?

साडेतीन वर्षांनी, मे २०१९ मध्ये, या माणसानं एक छोटं निवेदन प्रसिद्ध केलं. आपण काही काळापासून दारू आणि नैराश्य यांच्याशी झगडतो आहोत, हे आपल्याला आवरता येईल असं वाटलं होतं, पण पुनःपुन्हा घसरल्यावर कळलं की एकट्यानं हे जमणार नाही, म्हणून आपण खेळातून बेमुदत रजा घेत आहोत, असा त्याचा आशय होता.

त्या वसंतात गोल्फच्या जगाला भलत्याच पुनरागमनाची धुंदी चढलेली होती. १४ एप्रिल २०१९ रोजी टायगर वुड्सनं मास्टर्स जिंकली होती. घर मोडलं, पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या, २०१७ मध्ये गाडीत चाकामागे झोपलेला सापडला म्हणून पोलिसांनी अटक केली, आणि असा माणूस त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा ते हिरवं जाकीट घालतो! आम्हां पत्रकारांना याहून चांगली गोष्ट कुठून मिळणार? मी तोवर निवृत्त झालो होतो, तरी वाचताना घसा दाटला. कर्कनं दारूचा शेवटचा दिवस मागं टाकला तो त्यानंतर पंधरा दिवसांनी, २९ एप्रिलला. त्याची बातमी कुठं होती? बहुधा पानाच्या तळाशीच. मी निवृत्त झालो नसतो, तर मीही तिथंच लावली असती.

इथं माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर मला या गोष्टीचं इतकं का पडलं आहे ते कळणार नाही.

मीही पीत होतो. रात्रपाळी संपायची, पान सुटायचं, पहाटे दोनला कुठंतरी बसायचं. पुढं पान सुटायच्या आधीच बसायला लागलो. २ एप्रिल २०११ ची रात्र तुम्हां सगळ्यांना आठवत असेल. वानखेडेवर आपण विश्वचषक जिंकला. धोनीचा तो षटकार बघताना तुम्ही कुठं होता, हे तुम्हाला नक्की सांगता येईल. मला येत नाही. आयुष्यभर ज्या रात्रीची वाट पाहिली, त्या रात्री मी कचेरीतल्या जुन्या अंकांच्या खोलीत गठ्ठ्यांवर आडवा झालो होतो. पान एका नवख्या मुलानं लावलं. उत्तम लावलं. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच फार लागलं. त्या महिन्यात बायको मला दारू सोडलेल्यांच्या एका गटाच्या सभेला घेऊन गेली. महापालिकेच्या शाळेचा वर्ग होता, तिसरी-चौथीची बाकं. गुडघे आत जाईनात. तिथं मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो, की मला हे आवरत नाही. तेव्हापासून प्यायलो नाही. परंतु त्यानंतरही कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आलो, की विश्वचषकाचं पान मीच लावलं. दारू सुटली, थाप सुटली नव्हती. आज इथं ती सोडतो आहे.

म्हणून कर्कचं ते निवेदन नंतर माझ्या हाती पडलं, तेव्हा मी ते एखाद्या बातमीसारखं वाचलं नाही. आमच्यात असं म्हणतात की पिणाऱ्याला पिणारा शंभर पावलांवरून ओळखू येतो. साफ खोटं आहे. २०१५ साली माझी दारू सुटून चार वर्षं झाली होती आणि मी त्याच्यात फक्त विजेता पाहिला.

आता या खेळाविषयी. गोल्फचं मैदान अठरा होलचं असतं. खेळून झाल्यावर क्लबातल्या बारमध्ये जाऊन बसतात, त्याला हे लोक गमतीनं 'एकोणिसावं होल' म्हणतात. म्हणजे दारूची सोय खेळाच्या मोजमापातच करून ठेवलेली! व्यावसायिक खेळाडूचं जगणं मात्र इतकं मौजेचं नसतं. त्याला पगार नाही. गुरुवारी आणि शुक्रवारी खेळायचं, त्यात मागं पडलात तर शनिवारी सकाळी घरी, आणि त्या आठवड्याची कमाई शून्य. प्रवास, हॉटेल, कॅडी सगळं स्वतःच्या खिशातून. क्रिकेटमध्ये तुम्ही शून्यावर बाद झालात तर ड्रेसिंगरूममध्ये आणखी दहा जण असतात. इथं वर्षातले कित्येक आठवडे खेळाडू एका अनोळखी हॉटेलच्या खोलीत असतो, आणि दुपारी हुकलेला चार फुटांचा फटका रात्री छताकडं बघत पुनःपुन्हा मारत असतो.

आणखी एक गोष्ट मला या खेळात विलक्षण वाटते. मैदानभर प्रत्येकामागं पंच नसतो. गवतात चेंडू चुकून हलला आणि कुणी पाहिलं नाही, तरी खेळाडूनं स्वतःच स्वतःला दंड लावायचा. शेवटी स्कोअरकार्डवर सही करायची. प्रत्यक्षापेक्षा एक फटका कमी लिहिलेल्या कार्डावर सही केलीत, की स्पर्धेतून बाद. जास्त लिहिला असेल, तर तो तसाच तुमच्या माथी. १९६८ च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रॉबर्तो दे विसेन्झोनं सतराव्या होलवर तीन फटके घेतले होते. कार्ड लिहिणाऱ्यानं चार लिहिले, यानं न बघता सही केली, आणि त्या एका आकड्यापायी विजेतेपदाची बरोबरी हुकली. इतका हिशेबी खेळ! पण त्या कार्डावर रात्रीचा रकाना नाही. २०१५ पासून पुढची कर्कची कार्डं बघितली तर आकडे हळूहळू बिघडत गेलेले दिसतात, कारण दिसत नाही. ते त्यानं स्वतःच लिहिलं, मे २०१९ मध्ये, आणि खाली सही केली.

रजा साधारण सहा महिन्यांची झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो परतला. परतला म्हणजे काय, तर नुसता हजर झाला. वैद्यकीय कारणानं बाहेर राहिलेल्या खेळाडूला पीजीए टूर ठरावीक स्पर्धांची सवलत देते. तेवढ्यात पुरेसे गुण मिळवा, नाहीतर मुख्य मालिकेतली जागा सोडा. त्यात २०२० च्या मार्चमध्ये करोनानं खेळच बंद पाडला. जूनमध्ये फ्लोरिडात दुय्यम मालिकेतली एक स्पर्धा झाली, ती कर्कनं जिंकली. चार मोठी विजेतेपदं मिळवलेला माणूस खालच्या वर्गात जाऊन बसतो आणि पाच वर्षांनी पहिल्यांदा पहिला येतो! मला ही स्पर्धा सगळ्यात आवडते. तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही.

सवलतीतली शेवटची स्पर्धा उरली जानेवारी २०२१ मध्ये, हवाईतल्या होनोलुलूला. तिथं किरकोळ कामगिरी उपयोगाची नव्हती, अगदी वरच्या दोन-तीन क्रमांकांत यायला हवं होतं. शेवटच्या दिवशी तो ६५ फटक्यांत परतला, विजेत्यापेक्षा एकच फटका मागं, संयुक्त दुसरा. नोकरी राहिली.

आणि मग २६ फेब्रुवारी २०२३. फ्लोरिडातली होंडा क्लासिक स्पर्धा. शेवटच्या होलवर कर्क एका फटक्यानं पुढं होता. सरळसोट खेळला असता तरी चाललं असतं. त्यानं दुसऱ्याच फटक्यात थेट ग्रीन गाठायचा प्रयत्न केला, चेंडू आखूड पडला आणि पाण्यात गेला. आघाडी संपली, बरोबरी झाली. पावणेआठ वर्षं ज्याची वाट पाहिली, ते शेवटच्या तळ्यात बुडालं, असंच बघणाऱ्या कुणालाही वाटलं असेल. (श्रोतेहो, माझ्यासारख्या माणसानं हे पाहिलं की पहिला प्रश्न मनात येतो तो, आज रात्री हा काय करेल?) निकालासाठी तेच होल पुन्हा खेळायचं ठरलं. या वेळी कर्कनं तिसरा फटका झेंड्याजवळ असा आणून ठेवला, की पुढं चेंडू नुसता ढकलायचा होता. प्रतिस्पर्ध्याचा फटका हुकला. कर्क जिंकला.

हा प्रतिस्पर्धी कोण होता, ते मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. नंतर कळलं आणि मी खुर्चीतून उठून घरात दोन फेऱ्या मारल्या. एरिक कोल, वय चौतीस, मुख्य मालिकेत पहिलंच वर्ष. लहान लहान स्पर्धांत आयुष्य काढून उशिरा वर आलेला. याची आई लॉरा बॉ. सोळाव्या वर्षी, १९७१ मध्ये, तिनं अमेरिकेची महिलांची हौशी स्पर्धा जिंकली होती. १९७३ मध्ये महिलांच्या व्यावसायिक मालिकेत ती वर्षातली सर्वोत्तम नवोदित ठरली. देखणी होती, जाहिरातींत झळकली. दहा वेळा दुसरी आली, पहिली कधीच नाही. आणि तिलाही दारूनं धरलं होतं. सात मुलांची आई. मरणाच्या दारातून परत आली, १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेटी फोर्ड सेंटरमध्ये उपचार घेतले आणि १९९९ मध्ये स्वतःच्या नावानं पुस्तक लिहून सगळं सांगितलं. एका तरुण, सुंदर, प्रसिद्ध बाईनं त्या काळात हे सांगायला काय लागलं असेल, याची कल्पना आपल्या घरांतल्या बायकांना अधिक येईल. पुरुष पितो तेव्हा लोक त्याच्या बायकोची कीव करतात. बाई पिते तेव्हा तिची कीवसुद्धा कुणी करत नाही.

तर त्या संध्याकाळी त्या शेवटच्या होलवर एक दारू सोडलेला माणूस होता आणि एक दारू सोडलेल्या बाईचा मुलगा होता. दोघांतला कुणीही जिंकला असता तरी मला चाललं असतं. कोललाही त्या वर्षाचा सर्वोत्तम नवोदित हा मान मिळाला, पन्नास वर्षांपूर्वी आईला मिळाला होता तसाच.

जिंकल्यावर कर्कनं सांगितलं, की आज माझ्याकडं जे काही आहे ते सगळं दारू सोडल्यामुळं आहे. सहसा खेळाडू देवाचे, प्रशिक्षकाचे, प्रायोजकाचे आभार मानतात. यानं बायकोमुलांच्या बरोबरीनं एका न केलेल्या गोष्टीचे आभार मानले. त्याच वर्षी पीजीए टूरनं त्याला धैर्यासाठीचा पुरस्कार दिला. ७ जानेवारी २०२४ रोजी हवाईतल्या माउई बेटावर त्यानं आणखी एक मोठी स्पर्धा जिंकली, सतराव्या होलवर लांबून मारलेला चेंडू दोनेक फुटांवर थांबवून, भारतीय वंशाच्या साहित थीगलाला एका फटक्यानं मागं टाकून.

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. परंतु पुढच्याच आठवड्यात, १४ जानेवारीला, हवाईतच होनोलुलूला, जिथं कर्कनं आपली जागा वाचवली होती त्याच मैदानावर, ग्रेसन मरे नावाचा तीस वर्षांचा खेळाडू जिंकला. लांबच लांब फटका शेवटी होलमध्ये गेला आणि तो रडला. त्यानंही सांगितलं, की दारू सोडून आपल्याला आठेक महिने झाले आहेत. लागोपाठ दोन आठवडे दोन विजेते, दोघंही दारूतून बाहेर आलेले. मी ती कात्रणं आमच्या सभेत नेली होती. वाचून दाखवली. टाळ्या पडल्या.

मे महिन्यात मरे टेक्ससमध्ये त्याच कलोनियलच्या मैदानावर खेळत होता, जिथं २०१५ मध्ये कर्क जिंकला होता. शुक्रवारी दोन होल शिल्लक असताना प्रकृतीचं कारण देऊन त्यानं खेळ सोडला. दुसऱ्या दिवशी, २५ मे २०२४ रोजी, त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच्या आईवडिलांनी निवेदन काढून ते लपवलं नाही, आणि लोकांना एवढंच सांगितलं, की एकमेकांशी मायेनं वागा.

त्या आठवड्यात सभेत कुणी फारसं बोललं नाही. मी नेलेली कात्रणं तिथल्या फळ्याला टाचणीनं लावलेली होती. मरेचं काढायचं का, असं एकानं विचारलं. आमच्यातले सगळ्यात जुने गृहस्थ, एसटीत कंडक्टर होते, म्हणाले, "कशाला काढायचं? ते आठ महिने त्याचे होते की नाही?" कात्रण राहिलं. आमच्याही गटातले दोघं गेले आहेत. त्यातला एक सहा वर्षं प्यायला नव्हता. त्याचीही सहा वर्षं आम्ही सहाच मोजतो.

जाता जाता एक सांगून ठेवतो, रेडिओवर आहे म्हणून. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात असं काही येत असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

पुष्कळ जण मला विचारतात, आता तुम्ही पूर्ण बरे झालात ना? काय सांगायचं? काल प्यायलो नाही. लग्नकार्यात अजूनही मी कुठल्या टेबलाशी बसायचं ते आधी बघून ठेवतो. कर्कचंही काही वेगळं नसावं असा माझा अंदाज आहे. तो पैसेवाला आहे, त्याच्याकडं चांगले डॉक्टर असतील. परंतु हॉटेलची खोली हॉटेलचीच खोली असते.

२०२५ च्या जूनअखेर डेट्रॉइटला एक स्पर्धा झाली. कर्क आता चाळीस वर्षांचा. चार दिवसांनंतर तिघं बरोबरीत राहिले आणि पुन्हा जादा होल खेळायची वेळ आली. त्यातला एक दक्षिण आफ्रिकेचा वीस वर्षांचा मुलगा, ऑल्ड्रिच पोटगीटर. चेंडू असा लांब मारतो की बघत राहावं. दुसऱ्याच जादा होलवर कर्कचा एक छोटा फटका हुकला आणि तो बाहेर पडला. शेवटी तो मुलगा जिंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर उघडला. पहिलं पान, मधली पानं ओलांडून सरळ क्रीडा पानाच्या तळाशी गेलो. तिथं काहीच नव्हतं. जागा एका जाहिरातीनं खाल्ली होती. मग नातवाला मोबाइलवर शोधायला सांगितलं. त्यानं वाचून दाखवलं, आणि म्हणाला, "आजोबा, तुमचा माणूस हरला."

"हरू दे," मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात कुठं खेळतोय ते बघ."